उसनी धडकी

लोहियांच्या केबिनचा पडदा खाली आला आणि रेवती खंदारेच्या हातातला चहा बशीत सांडला.

समोर बसलेल्या जुनेद शेखनं वर पाहिलं. "काय झालं, ताई?"

"काही नाही. कप गरम होता."

कप गरम नव्हता. तिची बोटं गार पडली होती. ती पडद्याकडे बघत राहिली. लोहिया कारखान्याचे एचआर प्रमुख. पहिल्या मजल्यावरची त्यांची केबिन चारही बाजूंनी काचेची; कॅन्टीनमधून दिसे, तशीच खालच्या यंत्रशाळेतूनही. कुणाशी खाजगी बोलायचं असलं की ते पडदा सोडत. दोन वर्षं रेवती इथं चहा पीत होती आणि तिथं पडदा आहे हेसुद्धा तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं. मग आज काळजात धस्स का व्हावं? ती इथलीच. माहेर पैठणला, सासर संभाजीनगरात. तिला कोण काढणार होतं?

त्या केबिनची भीती बाळगणारी एक बाई कारखान्यात होती. तिचं नाव फाम माई, ती सात वर्षांपूर्वी व्हिएतनामहून आली होती. आपल्याकडे माई म्हटलं की आदरच आला, त्यामुळे गेटवरचे पन्नाशीतले रखवालदारही चाळिशीच्या त्या बाईला "नमस्कार माई" म्हणत. सुरुवातीला तिला याचं नवल वाटे.

सप्तर्षी सिलिकॉनमध्ये चिप्स बनत. सिलिकॉनच्या तबकडीवर केसाच्या हजाराव्या भागाइतके बारीक चर कोरायचे, तर तिथं छिन्नी चालत नाही. बंद कोठीत वायू सोडून तो विजेनं चेतवतात, तो जांभळट उजळतो, आणि त्यातले कण तबकडीवर आदळून चर कोरतात. त्या उजेडाचा आलेख बाहेर स्क्रीनवर उमटत असतो. यंत्रं जगभर सारखीच, कृतीही सारखीच. तरी कुठं तबकड्या उत्तम निघतात, कुठं वाया जातात. फरक पडतो तो आलेखाकडे बघणाऱ्या माणसामुळं. कोठी बिघडणार हे माईला यंत्राच्या घंटेआधी कळायचं. कसं कळलं म्हणून विचारलं, तर ती खांदे उडवून म्हणे, "वाटलं."

हे 'वाटणं' पुस्तकात लिहिता येत नाही. म्हणून पट्टी आली.

कपाळाला बांधायची ही पट्टी मेंदूतल्या एका विशिष्ट लहरीचा माग काढते. आपण काहीही बघत असलो तरी पुढं काय दिसेल याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो. तो अंदाज चुकला की एक बारीकशी लहर उठते, माणसाला स्वतःला कळण्याच्याही आधी. माई कामाला बसली की पट्टी तिची ही लहर टिपायची, आणि त्या क्षणी तिच्या नजरेसमोर काय होतं तेही. मग शिकणाऱ्यानं तसलीच पट्टी घालून ते सगळं पुन्हा बघायचं. जिथं माईचा मेंदू दचकला असेल, तिथं शिकणाऱ्याच्या कानाजवळच्या नसेला विजेचा हलका स्पर्श होतो. 'हे विसरू नको' असा निरोप मेंदूला पोचवणारी ती नस. अशा हजारो दचकण्यांनंतर शिकणाराही त्याच जागी आपोआप दचकू लागतो. माईला जे यायला अर्धं आयुष्य गेलं, ते रेवतीला काही महिन्यांत येऊ लागलं होतं.

पट्टीच्या मागोमाग नियमही आला. शिकणारा देशी माणूस परदेशी तज्ज्ञाशी नव्वद टक्के जुळला, की त्या तज्ज्ञाचा व्हिसा वाढवायचा नाही. आणि व्हिसा हवा तर तज्ज्ञानं पट्टी बांधलीच पाहिजे. हा नियम व्हावा म्हणून कलेक्टर कचेरीवर निघालेल्या मोर्चात रेवतीही होती. 'आमच्या जमिनीवर आमच्या नोकऱ्या' असं ओरडून तिचा घसा बसला होता. तिला त्यात गैर काही वाटलं नव्हतं आणि अजूनही वाटत नव्हतं. एम.टेक. होऊन ती कंत्राटावर तबकड्या मोजत होती, आणि यंत्रापुढच्या खुर्च्यांवर तैवान, मलेशिया, व्हिएतनामची माणसं बसली होती.

आता तिचं जुळणं अठ्ठ्याऐंशीवर आलं होतं.

*

रविवारी ती आणि शिरीष कपाट बघायला जालना रोडवरच्या दुकानात गेले. घरातलं जुनं कपाट सासूबाईंच्या लग्नातलं, दार लागत नव्हतं. दुकानदारानं सागवानी कपाट उघडून दाखवलं. शिरीषला आवडलं.

"नको," रेवती म्हणाली. "फार जड आहे. नेताना त्रास होईल."

"कुठं नेताना?"

त्यांचं घर स्वतःचं होतं. ते कुठंही जाणार नव्हते. तरी ते कपाट घरात आलं तर काहीतरी वाईट होईल अशी तिची पक्की खात्री झाली होती, आणि आपण वेड्यासारखं बोलतोय हेही तिला कळत होतं.

शिरीष बाहेर पडला आणि स्कूटरपाशी जाऊन उभा राहिला. ती मागोमाग आली.

"रागावलास?"

"नाही." किल्ली हातात असून तो स्कूटर सुरू करत नव्हता. "हे वाक्य तुला कुणी शिकवलं?"

"कुणी कशाला शिकवेल?"

"ऑस्टिनला मी हेच म्हणायचो. खुर्ची बघितली तरी. सहा वर्षं हवेच्या गादीवर झोपलो मी."

लग्नानंतरचीही दोन वर्षं शिरीष तिथंच, टेक्सासला होता आणि रेवती इथं, व्हिसाची वाट बघत. त्याचे फोन तुटक होत गेले. पुढं त्याची नोकरी गेली आणि तो परत आला. आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होता. त्या दोन वर्षांबद्दल तिनं त्याला मनातून कधी माफ केलं नव्हतं.

"मला वाटायचं तू चिकट आहेस," ती म्हणाली.

"मेल आल्याचा आवाज झाला की मी बाथरूममध्ये जाऊन वाचायचो. चेहरा कुणी बघू नये म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस?"

तिनं मग सगळं सांगितलं. पडद्याचं, गार पडणाऱ्या बोटांचं, कुणी 'जरा बोलायचं होतं' म्हटलं की दाराकडे वळणाऱ्या नजरेचं. तो ऐकत होता. तिला वाटलं, तो आता म्हणेल, सोड हे.

"नव्वद कर आणि मोकळी हो," तो म्हणाला. "एकदा कायम झालीस की पट्टी सुटेल."

"आणि माई?"

"माझी खुर्ची ज्याला मिळाली, त्यानं माझा विचार केला होता का? तो तिथलाच होता. त्याचंही बरोबर असेल." त्यानं स्कूटर सुरू केली. "आता आपण इथले आहोत, रेवती."

*

लोहियांनी तिला स्वतःच बोलावलं. पडदा वर होता, तरी खुर्चीत बसेपर्यंत तिनं त्याच्याकडे दोनदा पाहिलं.

"तुमची झोप कमी झालीय," ते म्हणाले. "पट्टीत दिसतं आम्हाला. घाबरू नका, तज्ज्ञांनी शोधून काढलंय. माईंचा मेंदू ज्याला दचकतो ते सगळंच पट्टीत जातं. आलेखही आणि बाकीचंही."

"मग ते बाकीचं काढता येणार नाही?"

"काढून बघितलं." लोहियांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "भीती गाळली की जुळणं साठाच्या खाली येतं. तीन जणांवर करून पाहिलं. माईंची नजर एवढी तीक्ष्ण का, तर एक चूक झाली की घरी जावं लागेल, ही धास्ती सतत असते म्हणून. दोन्ही एकमेकांत विणलेलं आहे. सोडवता येत नाही."

"मग काय करणार?"

"काही नाही. राहू देणार." ते मोकळेपणानं हसले. ते वाईट गृहस्थ नव्हते. सगळ्यांच्या मुलांची नावं त्यांना पाठ असत. "खरं सांगू? कामाला ते बरंच आहे. तुमच्यामागं जुनेद, मग पुढची तुकडी. सगळे इथलेच, कायम नोकरीतले, आणि माईंइतके सावध. सोमवारी तुमची परीक्षा. मंत्रालयातून निरीक्षक येतायत."

रेवती खाली आली ती थेट कपडे बदलायच्या खोलीत. पांढरे, अंगभर झाकणारे पोशाख खुंट्यांवर टांगलेले होते. माई बाकावर बसून पायमोजे चढवत होती. तिचं मराठी तिच्या मुलीनं, लिननं, शिकवलेलं. लिन इथल्या शाळेत सहावीत होती.

"माई, तुम्ही वरच्या पडद्याला घाबरता का?"

माईचे हात थांबले.

"मीही घाबरायला लागलेय," रेवती म्हणाली. "तुमच्याकडून आलंय ते."

माईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावर आधी लाज आली, मग काहीतरी कठीण. "माझ्या नवऱ्याला पण सांगितलं नाही मी. आणि तुझ्या डोक्यात गेलं."

"मी मागितलं नव्हतं."

"मी पण दिलं नव्हतं." माईनं दुसरा मोजा उचलला. "कुणाला बोलू नको. भित्री बाई म्हणून नाव झालं, तर दुसरा देश पण घेणार नाही. लिनला काय सांगू? तिला व्हिएतनामी लिहिता पण येत नाही."

"लोहियांना माहीत आहे."

"लोहिया बाहेर सांगणार नाही. त्याला ती भीती पाहिजे." ती उठली. "सोमवारी चांगलं कर. मी वाईट शिकवलं, असं कुणी म्हणू नये."

*

परीक्षा चालू उत्पादनावरच होती. रेवती यंत्रासमोर बसली, कपाळावर पट्टी. तिच्या मागं, हात लांबवला तर पोचेल एवढ्या अंतरावर, माई बसली; नियमानं तिला हजर राहायचं होतं आणि गप्प राहायचं होतं. वर केबिनमध्ये लोहिया आणि निरीक्षक साळुंखे मॅडम आपल्या स्क्रीनवर सगळं बघत होते. यंत्रांच्या मागच्या अरुंद बोळात दुरुस्तीचे दोघे नळ्यांचं काम करत होते. त्यांचं बोलणं अधूनमधून ऐकू येई.

पहिल्या तबकड्या सुरळीत गेल्या. दोनदा तिला आतून दचका जाणवला, दोनदा तिनं दाब सुधारला, आणि दोन्ही वेळा ती बरोबर होती. स्वतःच्याच हातांचं तिला कौतुक वाटत होतं.

ऊन फिरलं. वर निरीक्षकांच्या स्क्रीनवर तिरीप आली असावी, कारण लोहिया उठले आणि त्यांनी पडदा सोडला.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून रेवतीला ते दिसलं आणि ती दचकली. बोटं गार. 'पडदा आहे,' तिनं स्वतःला बजावलं. 'ही धडकी आपली नाही. उन्हासाठी सोडलाय.' गेले काही आठवडे ती हेच शिकत होती: हा दचका ओळखायचा, श्वास सोडायचा, त्याला जाऊ द्यायचं. तिनं श्वास सोडला. खांदे सैल केले. दचका ओसरेना. तिनं आणखी एक श्वास सोडला.

तिच्या खांद्यावरून एक हात आला आणि लाल बटणावर आदळला.

कोठीतला जांभळा उजेड विझला. पंप घरघरले. मग रेवतीला स्क्रीनवर ती दिसली: आलेखाच्या तळाशी एक फिकट रेघ वर सरकली होती. नायट्रोजनची रेघ. म्हणजे कोठीत बाहेरची हवा शिरत होती, मागच्या बाजूचं सील फाटत चाललं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता, तर हवा आत येण्याऐवजी आतला विषारी क्लोरीन बाहेर पडला असता, त्या बोळात.

तिला दोन दचके एकाच वेळी आले होते. त्यातला खरा तिनं खोटा समजून झटकून टाकला होता.

बोळातून आवाज आला, "काय हो, बंद का केलं?"

माई आपल्या खुर्चीत परत बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती नुसती बसून राहिली असती, तर रेवती नापास झाली असती आणि माईचा व्हिसा वाढला असता. हे दोघींनाही कळत होतं.

स्क्रीनवर निकाल उमटला. बटण रेवतीच्या टेबलावरचं होतं आणि योग्य क्षणी दाबलं गेलं होतं. यंत्राला एवढंच दिसलं. जुळणं एक्क्याण्णव.

लोहिया आणि साळुंखे मॅडम जिना उतरून काचेबाहेर आले. लोहियांनी आतल्या स्पीकरवरून अभिनंदन केलं. निरीक्षकबाई म्हणाल्या, "फारच छान. घंटेच्या कितीतरी आधी थांबवलंत तुम्ही."

रेवतीनं मागं पाहिलं. माई गप्प होती. ती बोलली असती तर सगळे म्हणाले असते, स्वतःचा व्हिसा वाचवायला बोलतेय. तिची नजर विनवत नव्हती. फक्त वाट बघत होती.

रेवतीला शिरीष आठवला, तासिका आठवल्या, मोर्चा आठवला. ही खुर्ची तिला हवी होती. आजही हवी होती. 'थँक यू, मॅडम' एवढंच म्हणायचं होतं.

"बटण मी दाबलं नाही," ती म्हणाली. "माईंनी दाबलं. मला कळलंच नव्हतं."

लोहिया घाईनं म्हणाले, "परीक्षेचा ताण आहे, मॅडम. गोंधळल्यात त्या."

"कॅमेरा आहे ना वर? बघा."

साळुंखे मॅडमनी चित्रण मागवलं आणि तिथंच उभ्यानं पाहिलं. मग माईला विचारलं, "तुम्हाला मधे पडायची परवानगी नव्हती. का पडलात?"

"मागं माणसं होती," माई म्हणाली.

*

निकाल रद्द झाला. लोहियांनी रेवतीला ओरडून एक शब्दही सुनावला नाही. तिचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं. ते वाढणार नाही, एवढंच त्यांनी शांतपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर जुनेदची पाळी लागली.

रेवती यंत्राशेजारच्या कपाटातलं आपलं सामान काढायला आली होती. जुनेदच्या हातात पट्टी होती, आणि लोहिया बाजूला उभे होते. तिला बघून जुनेद खुर्चीतून उठला.

"ताई, खरं सांगा. घालू का नको?"

"जुनेद, वेळ होतोय," लोहिया म्हणाले.

"विचारू द्या ना, सर. डोकं माझं आहे."

रेवती मागच्या खुर्चीवरच्या माईकडे पाहून थबकली. कुणाला बोलणार नाही, असं तिनं तोंडानं कबूल केलं नव्हतं. पण निरीक्षकांपुढं तिनं ते जपलं होतं. आता समोर जुनेद होता, महिन्याभरात बाप होणारा, हातात पट्टी घेतलेला.

"काम येईल तुला," ती म्हणाली. "पण..."

"पण माझी भीती पण येईल," माई म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. तिनं वाक्य पुरं केलं. "घरी पाठवतील याची भीती. सात वर्षांची. रेवती हेच सांगणार होती. ती भीती माझी आहे."

यंत्रशाळेत दुसऱ्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली. मलेशियाचा एक इंजिनियर मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे बघत होता.

जुनेदनं पट्टी टेबलावर ठेवली. "मग मला नको ही. माई, तुम्हीच दाखवा. पूर्वी शिकायचे तसं."

"त्याला वर्षं लागतील," लोहिया म्हणाले.

"लागू द्या, सर."

त्या आठवड्यात आणखी बऱ्याच जणांनी पट्टी घालायला नकार दिला. सप्तर्षीनं ती बंद केली नाही; ती दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात नेली, तिथं लोकांना अजून काही माहीत नव्हतं. इथं नव्वदला कुणी पोचलं नाही, म्हणून माईचा व्हिसा आणखी एका वर्षासाठी वाढला. ते सांगायला ती रेवतीला गेटवर भेटली.

"आभार मानायला नाही आले," माई म्हणाली. "अजून एक वर्ष मी तो पडदा बघणार. तू सुटलीस."

"माहीत आहे."

"पण लिन म्हणाली, सांगून ये." ती क्षणभर घुटमळली. "शनिवारी घरी ये. ती रेघ तुला कशी दिसली नाही, ते सांगते. डोळ्यांनी दिसते ती. पट्टी लागत नाही."

रेवती घरी आली तेव्हा शिरीष उत्तरपत्रिका तपासत होता. खुर्ची गेली हे त्याला परीक्षेच्या दिवशीच कळलं होतं, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी मोजकंच बोलत होते. आज तिचा कंत्राटाचाही शेवटचा दिवस होता. ती त्याच्यासमोर बसली. त्यानं पेन खाली ठेवलं.

"मी चूक केली, असं वाटतं तुला?" तिनं विचारलं.

"पहिले दोन दिवस वाटलं." त्यानं उत्तरपत्रिका बाजूला सारल्या. "मग वाटलं, ऑस्टिनमध्ये माझ्या जागी आलेल्या त्या माणसाला मीच तीन महिने शिकवत होतो. जाताना त्यानं हात मिळवला, आणि मी त्याला ऑल द बेस्ट म्हणालो. हे आज पहिल्यांदा कुणाला सांगतोय."

तिनं त्याचा हात धरला. तिची बोटं गार होती, ते त्याला जाणवलं.

"घाबरलीयस?"

"हो."

"माईची भीती, का तुझी?"

रेवतीनं नीट आठवून पाहिलं. पुढं काय करायचं, कुठं अर्ज करायचा, सासूबाईंना काय सांगायचं, शनिवारी माईसमोर बसून ती रेघ आपल्याला दिसेल का.

"माझीच," ती म्हणाली.

"मग जाईल," शिरीष म्हणाला. "वेळ घेते, पण जाते."

तो उठून तिच्या शेजारी येऊन बसला, आणि त्या दोन वर्षांबद्दल पहिल्यापासून सांगू लागला.